भुलीच्या मॅडम

मॅडमच्या खोलीवर हॉस्पिटलनं चांगली पितळी पाटी लावली होती. वर त्यांचं नाव, खाली पदव्या आणि त्याखाली इंग्रजीतला तो लांबलचक शब्द, जो मलाही डॉक्टर होईपर्यंत एका दमात म्हणता येत नव्हता. मॅडमनी त्या पाटीवरच एक कागद डकवला होता. त्यावर निळ्या स्केचपेननं लिहिलेलं, 'भुलीची डॉक्टर. दार वाजवू नये, सरळ आत यावे.' ऑफिसातलं कुणीतरी अधूनमधून तो कागद काढून टाकायचं. दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा कागद लागलेला असायचा.

"पेशंटच्या माणसाला ती पाटी वाचता येत न्हाय, म्हणून ते भायेर उभारतंय," त्या म्हणायच्या. "आन् ज्याला वाचता येतंय ते भिऊन भायेर उभारतंय. मग मी काय आत बसून माश्या मारू?"

कोल्हापुरातल्या त्या हॉस्पिटलात हृदयाची ऑपरेशनं व्हायची आणि त्या ऑपरेशनांना मॅडम भूल द्यायच्या. मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली. त्या निवृत्त होऊन गावी गेल्या आणि आता त्यांच्या जागी मी उभी असते. तरी अजून एखाद्या सकाळी ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, पाऊल टाकताना मी नकळत आवाज खाली आणते, त्या आत असल्यासारखी.

मी नोकरी मागायला गेले तेव्हा हातात प्रमाणपत्रांची जाड फाईल होती. मॅडमनी ती उघडलीही नाही.

"कुठली गं तू?"

"इचलकरंजीची."

"घरात माग हायत?"

"होते. चार."

"मग सांग बघू. चार माग खडखड चालू हायत, आन् त्यातल्या एकावरचा धागा तुटला. तुझ्या बापाला कसं कळायचं?"

असा प्रश्न मला एमडीच्या परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "आवाज बदलायचा. बाबा जेवत असले तरी ताटावरून उठायचे."

"मग जमंल तुला," त्या म्हणाल्या आणि चहा सांगितला.

झाली मुलाखत. तिचा अर्थ मला महिन्याभरानं कळला. पेशंटच्या बोटाला एक चिमटा लावलेला असतो आणि प्रत्येक ठोक्याला मशीन टिकटिक करतं. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की त्या टिकटिकीचा सूर हळूच खाली येतो. इतका हळू, की दहा माणसांचं बोलणं आणि हत्यारांची किणकिण चालू असताना तो कुणाला जाणवू नये. मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून सिस्टरशी बोलत असायच्या आणि वाक्य अर्धं टाकून गर्रकन वळायच्या. मी स्क्रीनवर पाहावं तर आकडा तेव्हा कुठं उतरायला लागलेला असायचा.

दिसायला त्या अगदी साध्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, जाड भिंगांचा चष्मा. ओटीतली थंडी त्यांना सोसायची नाही म्हणून आत दोन स्वेटर आणि डोक्याला जुन्या इरकल लुगड्याची स्वतः शिवलेली टोपी. लिफ्टमध्ये पाय ठेवायच्या नाहीत. चार मजले दिवसातून कितीदा चढायच्या-उतरायच्या देव जाणे. आणि बोलणं अस्सल कोल्हापुरी बाईचं, म्हणजे 'मी येतो, मी सांगतो'. आमचे सर्जन सर नागपूरकडचे. फोनवर घोगऱ्या आवाजात 'सर, मी आलतो, तुमी न्हवता' असं सांगणारा हा कोण माणूस, हे त्यांना सुरुवातीचे कित्येक दिवस कळतच नसे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडम पेशंटकडं जायच्या ते तपासायला म्हणून नव्हे. खाटेच्या कडेवर बसायच्या, चष्मा पुसायच्या आणि मग विचारायच्या. दात हलतोय का? घरी काय म्हणून हाक मारतात? आणि कशाची भीती वाटते? पहिला प्रश्न डॉक्टरी होता, कारण घशात नळी घालताना हलणारा दात पडू शकतो. बाकीचे दोन त्यांचे स्वतःचे. साखर कारखान्यातल्या एका दांडग्या फिटरनं भीती सांगितली ती सुईची. "छाती फाडणार त्याचं कायबी न्हाय वाटत, म्याडम, सुई तेवढी माझ्यादेखत काढू नका." एका जैन आजोबांना धास्ती होती, की शुद्ध नसताना आयसीयूत कुणी कांदाबटाट्याचं सूप नळीतून घातलं तर? मॅडमनी त्यांच्यासमोर फाईलवर लाल पेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. आजोबा त्या दिवशी शांत झोपले.

घरचं नाव विचारण्याचं कारण त्यांनी मला सांगितलं होतं. "फायलीतलं नाव कचेरीचं असतंय. लांबनं हाक मारली तर माणूस त्या नावाला वळत न्हाय. आन् आमचं पावणं तर लई लांब गेलेलं असतंय."

नातेवाइकांना त्या ऑपरेशन समजावून सांगायच्या तेव्हा मी मुद्दाम जाऊन उभी राहायची. "हे बघा, चालत्या गाडीचं इंजन खोलता येत न्हाय. म्हणून दीड-दोन तास हृदय थांबवायचं. तंवर रक्त मशीनमधनं फिरणार. मशीनवर आमचं सलीमभाई बसणार, ती त्यांची रोजची रोजीरोटी हाय. सर हृदयाकडं बघणार. आन् बाकी सगळ्या माणसाकडं मी बघणार."

एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आन् तुमच्याकडं कोण बघणार?"

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "ते अजून ठरलं न्हाय."

'बाकी सगळ्या माणसाकडं' म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणं कठीण आहे. सर्जनच्या डोळ्यांपुढं मुठीएवढं हृदय असतं. हिरव्या कापडांखाली जो उरलेला माणूस असतो, त्याचा मेंदू, मूत्रपिंडं, त्याचं ऊन-थंड होणं, त्याची झोप, हे सगळं भूल देणाऱ्याच्या हवाली. मशीन सुरू झालं की श्वासाचं यंत्र बंद करतात. छाती हलायची थांबते. मग हृदयात औषध सोडतात आणि स्क्रीनवरची रेघ सपाट होते. श्वास नाही, नाडी नाही, आणि तरी तो माणूस मेलेला नाही. मॅडम पापणी उघडून बाहुली बघायच्या. कपाळावर उलटा हात ठेवायच्या. खाली वाकून लघवीच्या पिशवीकडं बघायच्या. सगळे आकडे ठीक असले तरी पिशवी भरत नसेल तर त्यांना चैन पडायचं नाही. "मशीन चुकंल, मी चुकंल. ही पिशवी खोटं बोलत न्हाय."

तेवढ्या वेळात बरेच भूलतज्ज्ञ थोडं बसून घेतात. काम सलीमभाईंच्या मशीनवर असतं, हृदय थांबलेलं असतं. मॅडम बसायच्या नाहीत. स्टूल होतं, पण त्यावर त्यांची पर्स असायची. त्यांचे वडील गुऱ्हाळावर गुळव्या होते. उसाचा रस काहिलीत उकळू लागला की गुळव्या तिथून हलत नाही, पाक आला की नाही हे नजरेनं आणि बोटांनी ओळखतो. त्याचा क्षणभर डोळा चुकला तर अख्खी काहील वाया. "माझा बाप आठ-आठ तास उभा असायचा," त्या म्हणायच्या. "आन् ते तर गूळ होतं."

ओटीत वेडंवाकडं बोललेलं त्यांना खपत नसे. 'हे हृदय काही खरं नाही' असं कुणी म्हटलं, तर तो सर्जन असो की वॉर्डबॉय, मॅडम त्याला तिथल्या तिथं गप्प करायच्या. "कान शेवटी झोपतंय आन् आधी उठतंय. जे बोलायचं ते भायेर जाऊन बोला." एकदा पेशंट नुकता झोपलेला आणि सरांचा मोबाईल वाजला. सर हात धुऊन आलेले, त्यामुळं त्यांना हात लावता येईना. फोनवर कसलं तरी उडत्या चालीचं गाणं. मॅडमनी फोन उचलला, शांतपणे चालत गेल्या आणि औषधाच्या बाटल्या गार ठेवायला आणलेल्या बर्फाच्या बादलीत तो बुडवला. "थंड केलाय," मॅडम म्हणाल्या. "चला, चाकू घ्या." सरांनी त्यानंतर फोन कधी आत आणला नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना नवा फोन आणून दिला, तोही न सांगता टेबलावर ठेवून.

आता त्या दिवसाबद्दल सांगते.

हृदयाचं काम संपलं, ते पुन्हा धडधडू लागलं, पेशंट मशीनवरून उतरला, की शेवटी एक औषध द्यावं लागतं. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून आधी ते पातळ केलेलं असतं. ते परत गोठायला लागावं म्हणून हे दुसरं औषध, प्रोटामिन. साधं, जुनं औषध. पण ते घाईनं दिलं तर एखाद्या पेशंटच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय फुगून बसतं. मॅडम ते स्वतःच्या हातानं द्यायच्या, थेंबाथेंबानं. दुसरा नियम असा, की निम्मं औषध जाईपर्यंत मशीनमधून रक्त परत आणणारी महाधमनीतली नळी काढायची नाही आणि छातीला टाके पडेपर्यंत सलीमभाईंनी मशीन रिकामं करायचं नाही. सर कुरकुरायचे. "मॅडम, इतक्या वर्षांत कधी लागलं का ते परत?" मॅडम म्हणायच्या, "न्हाय लागलं. लई बरं झालं."

त्या दिवशी टेबलावर मंगल नावाची बाई होती. वारणानगरजवळच्या खेड्यातली, तिशीतली, दोन मुलींची आई. नवरा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. लहानपणी आलेल्या तापानं तिच्या हृदयाची झडप आखडली होती, चार पावलं चाललं तरी धाप लागायची. आदल्या दिवशी मॅडमनी विचारलं तेव्हा तिनं लाजून सांगितलं होतं, घरी सगळे चिमी म्हणतात. आणि भीती? "मागं पोरींच्या वेण्या कोण घालंल, एवढीच."

झडप बदलून झाली. हृदय नीट चालू लागलं. मंगल मशीनवरून उतरली आणि तेवढ्यात आयसीयूतून निरोप आला, एका पेशंटच्या घशातली नळी निघाली, परत घालता येत नाही, लगेच या. मॅडम मला म्हणाल्या, "प्रोटामिन सुरू कर. थेंबाथेंबानं. मी आलोच." आणि पळाल्या.

मी सुरू केलं. सावकाशच सुरू केलं. पण छातीत रक्त झिरपत होतं, सर एकसारखे पुसत होते. दुपारची दुसरी केस थांबलेली. "किती राहिलं?" सरांनी विचारलं. "बरंच आहे." "अहो, द्या ना मग." त्यांनी काही जबरदस्ती केली नाही, एवढंच म्हणाले. सिरिंज माझ्या हातात होती, अंगठा माझा होता. मी दाबलं.

एक-दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग टिकटिकीचा सूर उतरला. मी वर पाहिलं तर रक्तदाब निम्म्यावर आला होता आणि माझ्या डोळ्यांदेखत आणखी घसरत होता. सर ओरडले, "हृदय फुगलं! काय झालं?" सरांनी दोन्ही हातांत हृदय धरून दाबायला सुरुवात केली.

मॅडम दारातून आल्या त्या धापा टाकत.

"काय दिलंस?"

"प्रोटामिन."

"कसं?"

"जोरात गेलं, मॅडम. माझ्याकडून गेलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या. तो 'बरं' मी जन्मात विसरणार नाही. त्यात राग नव्हता. मी खरं सांगितल्यामुळं त्यांचा वेळ वाचला होता, एवढंच त्यात होतं.

"सलीमभाई, मशीन भरलेलं हाय?"

"हाय, मॅडम."

"पोरी, रक्त पातळ करायचं औषध दे, पुरा डोस. हात चालव. सर, तुमी दाबत ऱ्हावा, दम सोडू नका. मी ॲड्रिनलीन देतो."

एवढ्या गडबडीत त्यांचा आवाज चढला नाही. बाजारात भाजी सांगावी तशा त्या एकेक गोष्ट सांगत होत्या आणि ज्याला सांगितलं त्याचे हात आपोआप चालत होते. धमनीतली नळी जागेवर होती. रक्त मशीनकडं नेणारी दुसरी नळी सरांनी परत बसवली. सलीमभाईंनी मशीन सुरू केलं आणि मंगलचं रक्त पुन्हा फिरू लागलं. पहिली घसरण ते मशीन सुरू होणं, यात किती वेळ गेला ते नंतर कागदावर पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मला ते तासभर वाटलं होतं.

पंधरा मिनिटांनी सर म्हणाले, "हृदय बरं दिसतंय. उतरवून बघू?"

"न्हाय," मॅडम म्हणाल्या. "दमलंय ते. पडू दे अजून."

"मशीनवर जास्त वेळही बरा नाही, मॅडम."

"म्हायीत हाय मला. तरीबी पडू दे."

सर थांबले. मॅडम पेशंटच्या डोक्याशी लावलेल्या कापडी पडद्यावरून मान पुढं काढून हृदयाकडं बघत होत्या. आकडे त्यांच्या पाठीमागं होते, पण त्या हृदयाकडंच बघत होत्या, त्याचा रंग, त्याचं आवळणं. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्या म्हणाल्या, "आता." सलीमभाईंनी मशीन हळूहळू कमी केलं. रक्तदाब हलला, डळमळला आणि उभा राहिला. परत प्रोटामिन द्यायची सोयच नव्हती. रक्त आपोआप गोठू लागेपर्यंत पिशव्या देत, कापूस दाबत तीन तास आम्ही तिथंच होतो.

मंगलला आयसीयूत सोडल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "चल. खाली तिची माणसं बसलीत."

"मॅडम, तुम्ही सांगा ना. मी कशी..."

"चल म्हणतो न्हवं."

चार मजल्यांचे जिने. दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या आणि कठड्याला टेकून मला एक गोष्ट सांगितली. मुंबईत शिकत असतानाची. अशाच एका ऑपरेशनात, मशीनवर थंड केलेलं रक्त परत गरम करताना, त्यांच्या हातून भूल कमी पडली. तो माणूस आतून जागा झाला. हलता येत नव्हतं, पण कान जागे होते. सर्जन 'हा काही टेबलावरून उठत नाही' म्हणाला, ते त्यानं ऐकलं. चौथ्या दिवशी त्यानं मॅडमना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"आन् मी काय केलं ठाऊक हाय? त्याला म्हटलं, तुला भास झाला. वरच्या डॉक्टरांनी तसंच सांगायला सांगितलं होतं. ते माणूस गप बसलं. घरला गेलं."

"मग?"

"दोन वर्सं माझ्या डोस्क्यातनं जाईना. पत्ता काढून गेलतो त्याच्या घरी. तर त्यानं काम सोडल्यालं. झोपायचा न्हाय. बायकू म्हणायची डोक्यावर परिणाम झालाय, कायबाय ऐकू येतंय म्हणतंय. मी त्याच्यापुढं बसलो आन् सांगितलं, भास न्हवता. तू ऐकलंस ते खरं होतं, चूक माझी होती." मॅडमनी चष्मा काढला. "मला वाटलं मारतंय आता. ते रडाय लागलं. म्हणालं, म्हंजे मी येडा न्हवतो."

त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "माणूस चुकतंय, पोरी. पर त्याचं वझं पेशंटच्या डोक्यावर ठिवून यायचं न्हाय. चल."

खाली मंगलचा नवरा उभाच होता. बाकावर त्याची आई मांडी घालून बसली होती. मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी सांगितलं. औषध सावकाश द्यायचं होतं, मी घाई केली, त्यामुळं हृदय बंद पडायला आलं, परत मशीनवर घ्यावं लागलं. आता चालू आहे, पण उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.

"म्हंजे चूक तुमची?" नवरा म्हणाला.

"हो."

"मी सोडणार न्हाय. वर लिहून देणार मी."

"द्या की," मॅडम पहिल्यांदा बोलल्या. "द्याच. कागद-पेन माझ्या खोलीत हाय."

तो काही तरी बोलणार होता, पण मागून त्याच्या आईचा आवाज आला.

"आगं ए, ती जित्ती हाय न्हवं आता?"

"हो, आजी."

"तिच्यापाशी कोण हाय?"

"सिस्टर आहेत. सर आहेत."

"मग तू हितं काय कराय लागलीयास? जा की वर तिच्यापाशी!"

मी वर गेले. पायऱ्या कशा चढले आठवत नाही. मंगलच्या खाटेशी जी बसले ती उठलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या, तिच्या कानाशी वाकल्या आणि हाक मारली, "चिमे! ए चिमे!" पापण्या हलल्या. मॅडमनी तिला हात दाबायला सांगितला, तिनं दाबला. मग डावा, मग दोन्ही पाय. मेंदू शाबूत होता. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

नवऱ्यानं खरंच तक्रार लिहिली. वहीच्या दोन पानांवर, बॉलपेननं. ती घेऊन तो मॅडमच्या खोलीत आला, कारण कुणाला द्यायची ते त्याला माहीत नव्हतं. मॅडमनी ती चष्मा वर करून वाचली. "हे औषधाचं नाव चुकलंय तुमचं," म्हणाल्या आणि स्वतः दुरुस्त केलं. "आन् हितं येळ लिवा. येळ न्हाय लिवली तर उद्या कोनबी म्हणंल असं झालंच न्हाय." त्याला घेऊन ऑफिसात गेल्या आणि पोच मिळवून दिली. ऑफिसातले साहेब नंतर मॅडमवर फार चिडले. नातेवाइकांना असं सांगायचं नसतं, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आईला मी भूल दिलती गेल्या साली. तिच्या बाबतीत काय झालं असतं तर तुमाला सांगायचं का न्हाय, तेवढं लिवून द्या. मी तसं करतो." साहेबांनी लिहून दिलं नाही. चौकशी झाली. त्यात मॅडमनी माझ्या नावाच्या आधी स्वतःचं नाव घातलं, कारण मला एकटं सोडून त्या गेल्या होत्या. आणि मग नियमच झाला, की ते औषध हातानं नाही, मिनिटाला मोजून देणाऱ्या यंत्रानं द्यायचं, आणि यंत्र नसेल तर दोन डॉक्टर हजर पाहिजेत. मंगल बाराव्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली.

मी मात्र खचले होते. ओटीत जायची माझी हिंमत होत नव्हती. तपासणीची कामं मागून घेत होते, आणि हृदयाची भूल सोडून साध्या हॉस्पिटलात जायचं मनाशी ठरवलंही होतं. तसं पत्र लिहून मी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी पत्र घेतलं, न वाचता खणात टाकलं.

"उद्या सकाळची केस तुझी," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन सुरळीत झालं. पेशंट मशीनवरून उतरला. यंत्र अजून यायचं होतं. मॅडमनी प्रोटामिन स्वतः भरलं, सिरिंजमधली हवा काढली आणि ती माझ्या तळहातावर ठेवली. सरांनी वर पाहिलं आणि ते पुन्हा रक्त टिपू लागले.

"मॅडम, माझा हात थरथरतोय."

"थरथरू दे की. थरथरणारा हात घाई करत न्हाय."

मी पहिला थेंब दिला. मग दुसरा. आकड्यांकडं बघत, सूर ऐकत, पुन्हा आकड्यांकडं बघत. कुणीही 'किती राहिलं' विचारलं नाही. सिरिंज रिकामी झाली तेव्हा रक्तदाब जागचा हलला नव्हता.

मी मान वर केली. मॅडम स्क्रीनकडं बघत नव्हत्या, सिरिंजकडंही नाही. त्या सगळा वेळ माझ्याकडं बघत होत्या.

"बास," त्या म्हणाल्या. "सर, घाला टाके."